बाहुल्याची जागा

त्र्यंबक मोरेश्वर देवस्थळी, वय सत्तावन्न, हवाई सुरक्षा खात्याचे ज्येष्ठ निरीक्षक, हुसेनबाबांसमोर बसले नाहीत, उभेच राहिले.

“या हेलिकॉप्टरच्या भरवशावर होड्या लोटू नका, असे आपण कोणत्या आधारावर सांगितलेत?”

बाबा एके काळी मासेमारीची होडी चालवणारे तांडेल; आता कड्यावरच्या दर्ग्यात राहत. सारे बंदर त्यांच्या शब्दावर हाले. मासेमारीची बंदी उद्या उठणार होती. बुडणाऱ्यांना हेलिकॉप्टरने शोधून उचलण्याचा ठेका एका खासगी कंपनीकडे होता, आणि तिच्या प्रमाणपत्रावर आज देवस्थळींची सही व्हायची होती.

“तुम्ही कोणत्या आधारावर सही करता, साहेब?”

“चाचणीच्या. माणसाच्या वजनाचा बाहुला समुद्रात सोडतात. हेलिकॉप्टर त्याला अकरा मिनिटांत उचलते. नऊ वर्षांत एकदाही कसूर नाही.”

“नशीबवान आहे बाहुला.”

देवस्थळी हसले नाहीत.

“त्याला सोडायची जागा कोण ठरवतो?”

“मी. कंपनीला आठ दिवस आधी लेखी कळवतो. नियमच तसा आहे.”

 बाबांनी खाली, खवळलेल्या पाण्याकडे बोट केले.

“माझा शिष्य कासम त्या पाण्यात आहे. तुम्ही चढून येत होतात तेव्हा उतरला. शोधा.”

देवस्थळींनी कपाळाशी हात धरून पाण्यावर नजर फिरवली. फेस... काळे खडक... पुन्हा फेस. प्रत्येक खडक त्यांना माणसाचे डोके वाटे, आणि प्रत्येक डोके खडक निघे.

“कुठे आहे तो?”

बाबांनी जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला.

“अहो, माणूस जाईल! जागा सांगा.”

“चुकलेच त्याचे. आठ दिवस आधी लेखी कळवायला हवे होते.”

...

देवस्थळी कड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. त्यांनी आजवर कोणाला हात जोडले नव्हते. ते आता जोडले गेले. बाबांनी तोंडात दोन बोटे घालून शीळ घातली.

अगदी कड्याच्या पायथ्याशी, खडकाच्या कडेने, एक हात वर आला. कासम सावकाश पोहत काठाला लागला.

“इतक्या जवळ होता...” देवस्थळी खाली बसले.

“हो. उचलायला अगदी सोपा होता, साहेब.”

त्या दिवशी सही झाली नाही. पुढील चाचणीची जागा देवस्थळींनी कंपनीला कळविली नाही. आणि नऊ वर्षांत प्रथमच बाहुला परत आला नाही.