निरगुडीचं तेल

“माझा काढा तुमच्या तेलापेक्षा जालीम आहे, एवढं तरी मान्य कराल की नाही, महाराज?”

केवलगिरी महाराज निरगुडीचा पाला निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “आहे.”

“मग रोग्यांना तेलच का देता?” नीळकंठाने विचारलं.

महाराजांनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

“तू काढा दे,” ते म्हणाले.

गोदावरीच्या काठी महाराजांचा लहानसा मठ होता. सांधे धरलेली, कंबर आखडलेली माणसं तिथं येत. नीळकंठ पैठणला वैद्यकाचे ग्रंथ शिकला होता आणि हातचं काम शिकायला महाराजांकडे राहिला होता. त्याचं पाठांतर चोख होतं. सोवळंही कडक होतं.

त्या दिवशी चांदभाई पिंजारी आला. गाद्या-रजयांचा कापूस पिंजणारा माणूस. उजवा खांदा धरलेला, हात कोपराच्या वर उचलत नव्हता. थंडी तोंडावर आली होती, हेच त्याचे कामाचे दिवस, आणि कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण घरात भिंतीला टांगलेलं होतं.

“कुठं दुखतं?” नीळकंठाने विचारलं.

चांदभाईने खांदा दाखवला.

“कधीपासून?”

“पोळ्यापासून. काय झालं, शास्त्रीबुवा...”

“कळलं. बस.”

नीळकंठाने पाला उकळून उकळून काळा दाट काढा केला. चांदभाईच्या खांद्यावर फडकं टाकायला लावलं, आणि भांडं उंच धरून वरून धार सोडली.

दुसऱ्या दिवशी दुखणं तसंच होतं. नीळकंठाने काढा आणखी आटवला. तरी तसंच. मग त्याने त्यात जाळ करणारं चित्रकाचं मूळ उगाळून घातलं.

खांद्यावर फोड उठले.

“आता कसं वाटतं?”

चांदभाईने आधी आपल्या खांद्याकडे पाहिलं, मग नीळकंठाच्या चेहऱ्याकडे.

“बरं वाटतंय, शास्त्रीबुवा.”

त्यानंतर तो आला नाही. बरा झाला म्हणून आला नाही, असं नीळकंठाने मठातल्या सगळ्यांना सांगितलं.

मग एकदा बाजारात चांदभाई त्याला दिसला. डाव्या हाताने पाणी पीत होता. उजवा हात उपरण्याने गळ्यात बांधलेला होता.

नीळकंठ तडक मठात आला.

“तो माझ्याशी खोटं बोलला, महाराज.”

“हो.”

“का?”

“तुझ्याकडे बघून.”

नीळकंठ म्हणाला, “पण काढ्यात काय कमी होतं?”

“हात पुढे कर.”

त्याने हात पुढे केला. महाराजांनी उरलेला काढा त्याच्या मनगटावर ओतला. धार दोन्ही बाजूंनी खाली गेली. मग शेजारच्या वाटीतलं कोमट तेल बोटाने घेऊन त्याच मनगटावर हलकेच चोळलं. दोघं बघत राहिले... तेल हळूहळू दिसेनासं झालं.

“माणसाची कातडी पाण्याला घरात घेत नाही,” महाराज म्हणाले. “घेत असती तर नदीत पोहणारा फुगून वर आला असता. तेलाला ती थोडी वाट देते. पाल्याचा गुण तेलात उतरव. तेलाबरोबर तोही आत जाईल.”

“आणि जाळ करणारं मूळ?”

“ते दारच फोडतं.”

नीळकंठाने तेल करायला घेतलं. तिळाचं तेल, निरगुडीचा रस, वाटलेला पाला, मंद आच. दुपार कलली तरी तो चुलीजवळून हलला नाही. पाल्याचा गोळा बोटांत वळून पाहिला, त्याची वात झाली. ती विस्तवावर धरली. तडतडली नाही. पाण्याचा अंश उरला नव्हता.

महाराजांनी वास घेतला. “उत्तम झालंय,” म्हणाले. “नेऊन दे.”

नीळकंठ पिंजारवाड्यात गेला. दारातच वाटी ठेवली. “सकाळ-संध्याकाळ लाव,” म्हणाला आणि परतला.

काही दिवसांनी महाराज स्वतः निघाले. नीळकंठ मागे चालला.

घरात वाटी कोनाड्यात होती, जशी दिली तशी. वर धूळ बसली होती.

चांदभाईची बायको दाराआडून म्हणाली, “रागवू नका, बाबा. मागच्या औषधाने पार सोलून निघाले होते हे. म्हणून मीच लावू दिलं नाही.”

“बरं केलंस,” महाराज म्हणाले. “जरा निखारे दे.”

त्यांनी तेल निखाऱ्यावर कोमट केलं. चांदभाईच्या मागे चटईवर बसले. फोड सुकून डाग राहिले होते. त्यांनी पहिल्यांदा आपला तळवा नुसताच त्या खांद्यावर ठेवला. बराच वेळ तसाच.

“चांदभाई, हात उचलत नाही, तर काय अडतं?”

नीळकंठाला वाटलं, तो पिंजणाचं सांगेल.

चांदभाई खाली बघत होता.

“काय सांगू, बाबा... कापसाचं काम पुतण्या करतो. घर चाललंय. पण नमाजाला उभा राहतो ना, तेव्हा हात कानापर्यंत जात नाही. एक हात वर, एक खाली. लोक म्हणतात, चालतं, आजारी माणसाला माफ आहे. पण मला असं वाटतं, की मी अर्धाच उभा आहे.”

“हे कुणाला सांगितलंस?”

“कुणी विचारलं नाही.”

नीळकंठ दाराजवळ उभा होता. त्याने नजर वळवली.

महाराज तेल चोळू लागले. मानेपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून कोपरापर्यंत. मग हात धरून थोडासा उचलला, दुखलं तिथं थांबले, आणि परत खाली आणला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. नीळकंठ रोज वाटी धरून उभा राही.

एका सकाळी महाराजांनी वाटी त्याच्या हातातून काढून घेतली. त्याचं मनगट धरलं, आणि हात चांदभाईच्या खांद्यावर नेऊन ठेवला.

“तू.”

नीळकंठाचा हात क्षणभर ताठ झाला. चांदभाईला ते कळलं. तो पुढे सरकू लागला.

“राहू द्या, बाबा. शास्त्रीबुवांना आंघोळ पडेल.”

महाराजांनी नीळकंठाचं मनगट सोडलं.

नीळकंठ खाली बसला. चटईवर, चांदभाईच्या मागे. बोटांखाली खांदा लागला. वर कढत, आत सुतळीच्या गाठीसारखा आवळलेला. ग्रंथातली सगळी नावं त्याला पाठ होती, पण हा खांदा त्याला आजच भेटत होता. फोडांच्या डागांपाशी त्याची बोटं थबकली.

“हे माझ्यामुळे झालं,” तो म्हणाला.

“आले अन् गेले,” चांदभाई म्हणाला. मग जरा थांबून, “थोडं खाली, शास्त्रीबुवा. हां... तिथंच.”

परतताना वाटेत नदी लागली. नीळकंठ हात धुवायला थांबला नाही.

पुढे तो एकटाच जाऊ लागला. थंडीभर गेला. चोळता चोळता चांदभाई बोलत राही: कोणता कापूस लांब धाग्याचा, पिंजणाची तार कशी गाते, बाप कसा पिंजता पिंजता झोपायचा. सुरुवातीला नीळकंठ नुसता ऐके. पुढे तोही बोलू लागला. कधी एकदम दुखलं, की चांदभाई लगेच सांगे, “दुखलं.” एकदा तर मोठ्याने शिवीच दिली, आणि दोघेही हसले.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका शुक्रवारी चांदभाई मठात आला. अंगणात उभं राहून त्याने दोन्ही हात उचलले. उजवा जरा थरथरला, मधेच अडला, आणि मग कानाच्या पाळीला लागला.

नीळकंठ बघत राहिला.

चांदभाई गेल्यावर तो महाराजांजवळ येऊन बसला.

“एक शंका आहे, महाराज.”

“विचार.”

“तेल मीच केलं होतं. उत्तम झालंय, असं तुम्हीच म्हणालात. तरी ते कोनाड्यात पडून राहिलं. तुमच्या हाताने मात्र आत गेलं. पुढे माझ्याही हाताने गेलं. तेल तेच, पालाही तोच... मग त्यात वेगळं काय पडलं?”

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलं.

“शास्त्रात स्नेह किती सांगितलेत?”

हे तर नीळकंठाला झोपेतही आलं असतं. “चार. तूप, तेल, चरबी आणि मज्जा.”



महाराज म्हणाले, “चारच?”