आणि तुझा हात?

ढगांच्याही वर वसलेल्या एका डोंगरगावात एक विद्यालय होते. गाव इतके उंचावर होते की भर दुपारी धुके खिडकीतून वर्गात येई, बाकांमधून हिंडे आणि आल्या वाटेने निघून जाई. मुलांना त्याची सवय होती. कोणी मान वर करून पाहतही नसे.

त्या विद्यालयात इंग्रजी शिकविणाऱ्या एक बाई होत्या. शब्दांच्या बाबतीत त्या फार काटेकोर. सर्वांत वरच्या वर्गातील प्रत्येकाला वर्षाअखेरीस इंग्रजीतून एक भाषण करावे लागे, आणि ते नुसती माहिती देणारे नव्हे, तर ऐकणाऱ्याचे मन वळविणारे असावे असा त्यांचा नियम होता. भाषण संपले की बाई सभेला म्हणत, "ज्यांना पटले, त्यांनी हात वर करावेत." मग त्या वक्त्याकडे वळत आणि त्यालाच विचारीत, "आणि तुझा हात?" वक्त्याने स्वतःचा हात वर केला तरच भाषण पुरे झाले असे मानीत. ज्याचे भाषण सर्वोत्तम ठरे, त्याला विद्यालय शहरातील महाविद्यालयात शिकावयास पाठवी. तेथपर्यंत जाण्याचा दुसरा मार्ग त्या गावातील मुलांना नव्हता.

त्या वर्गात कालिंदी नावाची मुलगी होती. वाणी गोड, उच्चार स्वच्छ, बुद्धी चपळ. शहरात जावयाचे, एवढा एकच ध्यास तिने घेतला होता.

विषय निवडण्याच्या दिवशी बाई म्हणाल्या, "विषय लहान असला तरी चालेल, तो तुमचा असला पाहिजे. स्वतःला न पटलेली गोष्ट दुसऱ्याला पटवू नका. तसे करता येते, म्हणून तर सांगते आहे."

कालिंदीने पुष्कळ विचार केला. मात्र आपल्याला काय पटते याचा नव्हे; ऐकणाऱ्यांना काय भावेल याचा. अखेर तिने विषय ठरविला: परक्याला आपल्या घरात जागा द्यावी. असे ऐकून ज्याचे मन द्रवणार नाही, असा माणूस कोण असेल?

तिच्या घरी ती आणि तिची आई अशा दोघीच होत्या. माडीवरची खोली कालिंदीची एकटीची. तेथे ती कोणालाही येऊ देत नसे आणि आत गेली की दाराला कडी घाली.

वर्गात इंदू नावाची तिची मैत्रीण होती. ती डोंगराखालच्या वाडीतून चढ चढून येई आणि पहिली घंटा बहुधा तिला वाटेतच ऐकू येई. कालिंदीचा विषय कळताच ती हसून म्हणाली, "बरं झालं बाई. मग मलाच ठेव की तुझ्या माडीवर. माझे पाय तरी वाचतील."

"अगं, ते भाषणातलं आहे," कालिंदी म्हणाली.

"म्हणजे खरं नाही?"

"इंग्रजीत आहे. इंग्रजीतलं बोलणं कुणी घरी नेतं का?"

इंदूला हे उत्तर फार आवडले. तिने ते सगळ्या वर्गाला सांगितले आणि सगळा वर्ग हसला. कारण प्रत्येकाला मनातून तसेच वाटत होते. घरच्या भाषेत खोटे बोलताना जीभ अडखळे. या भाषेत ती अडखळत नसे.

भाषण लिहून झाले. आता सराव हवा होता. घरी सुरुवात केली की आई खालून म्हणे, "काय बोलतेस ते कळत नाही, पण जरा हळू बोल गं." म्हणून कालिंदीने एकांताची जागा शोधली. गावाच्या टोकाला, उंच सरूच्या झाडांखाली जुनी थडगी होती. समुद्रापलीकडची माणसे कधीकाळी हवापालटासाठी या गावी येत. त्यांतली काही तापाने येथेच गेली आणि त्यांना येथेच ठेवून बाकीची परत गेली. तिकडे कोणी फिरकत नसे. दुपारच्या सुट्टीत कालिंदी तेथे जाऊन एका दगडाशी उभी राही आणि समोर सभा भरली आहे अशा कल्पनेने बोलू लागे.

ही भाषा कोणाची, याचा तिने विचारच केला नव्हता.

पहिल्यांदा काही विशेष घडले नाही. मग तिच्या ध्यानात येऊ लागले की आपण बोलू लागलो की सरूंची सळसळ थांबते. महत्त्वाच्या वाक्याआधी क्षणभर थांबावे, असे बाईंनी शिकविले होते. ती थांबली की पाखरेही थांबत, आणि ती शांतता रिकामी वाटत नसे. थडग्यांभोवतीचे गवत जागोजागी दबलेले दिसे, जणू तेथे कोणी मांडी घालून बसले आहे. वारा असेल, असे ती स्वतःला समजावी. खरे म्हणजे तिला ते सुखावत होते. आजवर तिचे बोलणे इतके मन लावून कोणी ऐकलेच नव्हते.

उंबरठा या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर तिची जीभ नेहमी अडे. एके दुपारी ती तेथेच अडली, पुन्हा अडली, आणि एका बुटक्या दगडाच्या मागून लहान मुलीच्या आवाजात कोणीतरी तो शब्द शुद्ध उच्चारला.

कालिंदीने वाकून पाहिले. शेवाळाखेरीज तेथे काही नव्हते. ती धावत परतली. परंतु संध्याकाळी तिने तो शब्द म्हणून पाहिला, तर तो इतका निर्दोष उमटला की दुसऱ्या दुपारी ती पुन्हा तेथे गेली.

त्यानंतर चुका दुरुस्त होत गेल्या. कधी या दगडामागून, कधी त्या. आवाज वेगवेगळे असत, पण सगळे सौम्य. कालिंदी भीत होती आणि शिकत होती. सभेच्या आदल्या दिवशी भाषण संपता संपता तोच बालस्वर इंग्रजीत म्हणाला, "सगळ्यांनाच जागा द्यायची?"

शंका आली तर उत्तर देता यावे, म्हणून तिने एक वाक्य पाठ केलेले होते. तिने ते म्हटले: "एकालाही बाहेर ठेवू नका."

तेव्हा चहूकडून आवाज झाला. सभा संपल्यावर पुष्कळ माणसे एकदम उठतात, वस्त्रे झटकतात, तसा. कालिंदी मागे न पाहता चालू लागली.

सभेच्या दिवशी धुके दाट होते. आधी इंदू बोलली. दूरच्या वाड्यांतून पायी येणाऱ्यांसाठी पहिली घंटा थोडी उशिरा द्यावी, एवढेच तिचे म्हणणे. तिने अडखळत ते मांडले. काही हात वर झाले. "आणि तुझा हात?" असे बाईंनी विचारताच इंदू म्हणाली, "बाई, माझे तर दोन्ही," आणि सभा हसली.

मग कालिंदी उभी राहिली. तिचे भाषण वाहत्या पाण्यासारखे होते. ती थांबली तेथे सभा श्वास घ्यावयाची थांबली. शेवटच्या वाक्याला कित्येकांचे डोळे भरून आले. बाईंनी विचारले आणि सगळ्या सभागृहाचे हात वर गेले. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाचाही.

आणि त्या सर्वांच्या मागे, जेथे नुसती भिंत होती, तेथेही हात वर झाले. जुन्या धाटणीच्या झालरी लावलेल्या बाह्या, धुक्याच्या रंगाच्या, दमट. त्यांत एक हात इतका लहान की बाकाच्या वर जेमतेम बोटे दिसत होती. दुसऱ्या कोणाला ते दिसले नाही.

"आणि तुझा हात?" बाई म्हणाल्या.

कालिंदीला सर्व कळले. हात खाली ठेवला तर शहर गेले. वर केला तर काय होईल, हे तिला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे असेही वाटत नव्हते. सगळे पाहत होते. तिने हात वर केला.

मागचे हात सावकाश खाली आले.

निकाल तिच्या बाजूने लागला. घरी येताना चढावर तिला आपल्या मागे पावले ऐकू आली. ती थांबली की पावलेही थांबत. घरात शिरून तिने दार लावून घेतले.

"कोण आहे?" आईने विचारले.

"कुणी नाही."

"मग भर दुपारी कडी कशाला?"

कालिंदी माडीवर गेली. तिच्या खोलीला आतून कडी लागलेली होती.

तिने दार ठोठावले. आत कोणीतरी खुर्ची सरकविली, कोणीतरी हळू खोकले. ती खाली आली तेव्हा आई ताटे मांडत होती, आणि ताटे नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त होती.

"पाहुणे आहेत ना तुझे," आई म्हणाली. "तूच बोलावलंस म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"ती धाकटी आहे ना, ती म्हणाली. मला त्यांची भाषा कुठे येते? पण ती बोलली ते कळलं."

पुढच्या दिवसांत घर भरत गेले. ओसरी ओलसर झाली. कालिंदी जेथे बसू जाई तेथे गारवा लागे आणि तिला उठावे लागे. आई सगळ्यांना वाढी, आणि वाढता वाढता एके दिवशी ताटे मोजून म्हणाली, "आता आणखी जागा नाही हो." हे ती कालिंदीकडे पाहून म्हणाली, दारात आलेल्या अनोळखी मुलीकडे पाहावे तशी. मग मवाळ स्वरात तिने विचारले, "कोण पाहिजे तुला, बाळ?"

कालिंदी माडीकडे धावली. बंद दाराबाहेर उभी राहून तिने आयुष्यातले सर्वांत उत्तम भाषण केले. प्रत्येकाला आपले स्थान असते, दुसऱ्याच्या घरात कोणी सुखी होत नाही, परत जाण्यातच थोरवी आहे. उच्चार निर्दोष होते. दार उघडले. सगळे शांतपणे ऐकत उभे होते. तिचे बोलणे संपल्यावर धाकटीने विचारले, "आणि तुझा हात?"

कालिंदीने हात उचलू पाहिला. तो उचलेना. जो आपण वर केला होता तोच हा हात, हे तिला तेव्हा जाणवले. आता त्याच्यावर कोणाचा विश्वास राहिला नव्हता, तिचा स्वतःचाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरताच ती उभी राहिली. या वेळी ती घरच्या भाषेत बोलली, आणि जीभ पदोपदी अडखळली.

"बाई, मी त्या दिवशी हात खोटा वर केला."

बाईंनी हातातले पुस्तक मिटले. मग म्हणाल्या, "बोललेला शब्द परत घेता येतो. पण ज्यांनी ऐकला त्यांच्या समोर. पुन्हा सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

तिने पुन्हा सांगितले. परक्याला जागा देण्याची माझी इच्छा नव्हती, आजही नाही, मला केवळ शहरात जावयाचे होते.

"म्हणजे माडीवर मला जागा नव्हतीच तर," इंदू म्हणाली. या वेळी कोणी हसले नाही.

"नव्हती. कुणालाच देणार नव्हते."

खिडकीतले धुके क्षणभर वर्गात रेंगाळले आणि बाहेर गेले. त्याच दिवशी बाईंनी निकाल बदलला. शहरात इंदू जाणार असे ठरले.

कालिंदी घरी आली. माडीवरचे दार सताड उघडे होते. खोलीत कोणी नव्हते. फरशीवर बाहेर जाणारी ओली पावले तेवढी उमटलेली होती. ती जिन्यापाशी आली तेव्हा मात्र तिला धाकटी दिसली. ती खालच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाकीचे गेले होते. तिला जावयाचे नव्हते.

कालिंदी तिच्या शेजारी बसली. पाठ केलेले एकही वाक्य तिला आठवेना. तुटक्या, चुकीच्या इंग्रजीत ती म्हणाली, "घरात तुला जागा मी देऊ शकत नाही. मला भीती वाटते. पण तुझ्याबरोबर तिथपर्यंत येते. थोडा वेळ बसते."

मुलीने तिचा उच्चार सुधारला नाही. ती तिच्याकडे पाहत राहिली. मग उठली आणि पुढे चालू लागली.

सरूंखाली त्या बुटक्या दगडाशी कालिंदी बसून राहिली. शेजारचे गवत दबलेले होते. ती काही बोलली नाही, आणि कोणी तिला काही विचारले नाही. दुपार कलता कलता गवत हळूहळू सरळ झाले. तेव्हा खालून, घराच्या दिशेकडून, आईची हाक आली. आई तिला तिच्या नावाने हाक मारीत होती.

तात्पर्य: आपण जे करणार नाही, ते करावयास दुसऱ्याला गोड वाणीने सांगू नये, ऐकणारा एक दिवस ते मागावयास दारी येतो. देता येईल तेवढेच बोलावे. ते थोडे असले तरी ऐकणाऱ्याला पटते.