शोकसभेतला ठराव

वसतिगृहातल्या गिझरचा शॉक लागून सुकेशिनी गेली. गिझरच्या तक्रारी विद्यापीठाच्या ॲपवर कधीच्या पडून होत्या. मग कुलगुरूंनी ऑनलाइन 'विद्यार्थी संवाद' घेतला. केवढी ती लोकशाही! फक्त मुलांचे माइक तेवढे त्यांच्या कार्यालयाने बंद करून ठेवले होते.

"चूक मुलीचीच होती, चौकशीची गरज नाही. कुणाचा आक्षेप?" कुलगुरूंनी विचारलं. पडद्यावर मुलांचे ओठ हलत होते, आवाज एकाचाही येत नव्हता. "मौनं संमतिलक्षणम्," कुलगुरू हसून म्हणाले. "ठराव मंजूर."

दुसऱ्या दिवशी सभागृहात शोकसभा झाली. सूत्रसंचालन सुकेशिनीची रूममेट तनुजा करत होती.

"उभं राहून मौन पाळू या," ती म्हणाली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तेवढ्यात तिनेच माइकवर विचारलं, "चौकशी व्हावी आणि तोवर कुलगुरूंनी पद सोडावं. कुणाचा आक्षेप?"

कुलगुरूंचा चेहरा लालबुंद झाला. पण समोर मुलीचा बाप हात जोडून उभा होता. मौन मोडणार कसं?

शेवटी तनुजा म्हणाली, "ठराव मंजूर. सर, नियम तुमचाच आहे. फरक एवढाच, की आज तुमचा आवाज कुणी बंद केला नव्हता."