काठावर कोण राहणार?

"दोघंही उतरलो, तर वर दोर कोण धरणार? तुम्हीच सांगा बाबा."

परागनं विचारलं आणि बायकोकडे असं पाहिलं, की झाला निकाल!

दावलबाबांनी उभी हयात विहिरी खणल्या. आता शेवटच्या विहिरीच्या काठावर बसून असतात. अडलेली माणसं सल्ला विचारायला येतात.

परागनं नोकरी सोडून सीताफळाचा गर काढणाऱ्या यंत्राची कंपनी काढली होती. हेमांगीलाही त्यात उतरायचं होतं. राजीनामा पर्समध्ये घेऊनच आली होती ती.

"घराचा हप्ता आहे," पराग म्हणाला. "कंपनी बुडाली तर दोघंही एकदम रस्त्यावर. एकाचा पगार चालू राहायलाच हवा."

"आणि तो एक म्हणजे मीच ना?" हेमांगी उसळली. "यंत्राचं पहिलं चित्र माझ्या वहीतलं आहे. ते चालतंय की नाही, हे मी दुसऱ्याच्या ऑफिसात बसून ऐकायचं? नाही ऐकणार. बुडायचं तर बुडू!"

"अगं, हट्टानं घर चालत नाही!"

बाबा हसले. कठड्याला बांधलेला, आत लोंबत्या पोहऱ्याचा दोर सोडून त्यांनी परागच्या हातात दिला.

"खरं बोललास बेटा. काठावर कुणीतरी हवंच. धर."

"...मी?"

"का, हात नाहीत तुला? ती उतरेल. तू नोकरी धर."

पराग एकदम भडकलाच.

"असं कसं बाबा? दोन वर्षं जीव जाळलाय मी या यंत्रापायी! ते तिकडे चालणार आणि मी इथं नुसता उभा..."

बोलता बोलता त्याचे दोन्ही हात वर गेले.

दोर सरसरत सुटला. खालून आवाज आला, डुबुक.

...

हेमांगीला आधी हसू फुटलं. मग डोळे भरून आले.

"माझं रोज असंच होतं रे," ती म्हणाली. "रोज."

परागला तिच्याकडे बघवेना. तो विहिरीतच डोकावत राहिला.

"बाबा... आता दोर कसा काढायचा?"

"पायऱ्या आहेत. निम्म्यापर्यंतच आहेत. पुढचं खाली गेल्यावर बघा."

हेमांगी उठली. तिच्या मागोमाग परागही पुढे सरकला, तसा बाबांनी हात आडवा धरला.

"चपला काढा... दोघंही."