चौथा दिवा

आंबेरे गावात गुणाजी मेस्त्री नावाचे एक रोषणाईवाले राहत होते. लग्नाचा मांडव असो की देवळाची जत्रा, गुणाजींच्या दिव्यांच्या माळा हव्यातच. त्यांचा एकच नियम होता. माळेत एकही दिवा विझलेला दिसता कामा नये. एखादा हट्टी दिवा लागलाच नाही, तर ते शेजारच्या दिव्यातून तार ओढत आणि त्यालाही लावून टाकत. गावाला त्यांचं फार कौतुक होतं.

त्या वर्षी गावच्या शाळेत भलतीच धमाल चालली होती. सातवीची मुलं चक्क चित्रपट बनवत होती! धनेश पक्ष्याची गोष्ट होती. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसते, दार लिंपून घेते, आणि नर बारीक फटीतून तिला फळं भरवतो. मुलांनी त्याची नऊशे चित्रं संगणकावर रंगवली होती. आता संगणकाने ती सगळी जोडून हलती-बोलती करायची होती. या कामाला दोन दिवस लागणार होते. गुरुवारी सकाळी काम सुरू झालं, तर शनिवारी सकाळी संपणार होतं. आणि शनिवारी अकरा वाजता सगळं गाव चित्रपट पाहायला येणार होतं!

संगणक शाळेत एकच होता, आणि तोही जुना. एवढं काम करताना तो खूप तापतो, म्हणून त्याच्या पेटीत चार पंखे होते. पुढच्या बाजूला त्या पंख्यांचा वेग कमी-जास्त करायची एक पट्टी होती. पट्टीवर प्रत्येक पंख्याचा एक इवलासा दिवा. पंखा फिरला की दिवा लागायचा, थांबला की विझायचा. पण ते चारही दिवे जुने होऊन कधीचे गेले होते.

बुधवारी वृंदाबाईंनी गुणाजींना बोलावलं. वृंदाबाई म्हणजे सातवीच्या वर्गशिक्षिका.

"मेस्त्री, एवढे चार दिवे बदलून द्या. पेटी बंद असते. पंखे फिरतात की नाही, हे मला दिव्यांवरूनच कळणार."

"चारच? बाई, मी चार हजार लावतो!" गुणाजी हसले.

संगणक बंद करून त्यांनी पट्टी उघडली. जुने दिवे काढले. नवे हिरवे दिवे बसवून, डाख देऊन तारांना पक्के जोडले. भोवती मुलांचा गराडा पडला होता. चैत्राली नावाची मुलगी तर टाचा उंचावून सगळ्यांच्या डोक्यांवरून पाहत होती. चित्रपटाची गोष्ट तिनेच लिहिली होती.

बाईंनी बटण दाबलं.

"एक! दोन! तीन!" मुलं ओरडली. मग थांबली. चौथा दिवा लागलाच नाही.

"काका, तुमचा दिवा लाजतोय," चैत्राली म्हणाली. सगळे खो खो हसले.

गुणाजींचे कान लाल झाले. त्यांनी चौथा दिवा काढून दुसरा बसवला. तोही लागेना. मग सवयीने त्यांचा हात चालला. तिसऱ्या दिव्यातून त्यांनी केसाएवढी बारीक तार ओढली आणि चौथ्याला जोडली.

"चार!" वर्ग दणाणून गेला. टाळ्याच टाळ्या! मुलांनी गुणाजींना खुर्चीवर बसवून त्यांच्या गळ्यात कागदी फुलांची माळ घातली.

गुरुवारी सकाळी काम सुरू झालं. पडद्यावर आकडा पळू लागला. पन्नास चित्रं, शंभर, दोनशे! मधल्या सुट्टीत मुलं डबा हातात घेऊन तो आकडा पाहायला धावत.

शुक्रवारी दुपारी गुणाजी आपली करामत पाहायला मुद्दाम शाळेत आले. सरपंच कांचनताईही खुर्च्यांची व्यवस्था बघायला आल्या होत्या. पण वर्गात गलका नव्हता.

"काका, काल कसं भराभर चाललं होतं," चैत्राली रडवेल्या आवाजात म्हणाली. "आज एकेका चित्राला युगं लागतायत. असंच चाललं तर उद्या होणारच नाही."

"तापलाय खूप," वृंदाबाई म्हणाल्या. "याहून तापला तर कायमचाच बंद पडायचा, आणि चित्रं आतच राहायची. काय झालंय तेच कळत नाही. पंखे तर ठीक आहेत. चारही दिवे लागलेत ना!"

गुणाजींना ती बारीक तार आठवली. त्यांनी पेटीच्या मागे हात धरला. तीन ठिकाणी वारा लागला. चौथ्या ठिकाणी काहीच नाही.

चौथा दिवा बुधवारी लाजत नव्हता. तो खरं सांगत होता.

"यंत्रच जुनं हो," कांचनताई म्हणाल्या. "त्याला तरी काय बोलणार? मेस्त्री, तुम्ही तुमचं काम चोख केलंत."

बाईंनी आणि मुलांनीही माना डोलावल्या. गुणाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. गप्प राहणं किती सोपं होतं! ती बारीक तार कोणाला दिसणार होती? दोष यंत्राच्या वयावर गेला असता आणि त्यांचं नाव तसंच राहिलं असतं. त्यांनी चैत्रालीकडे पाहिलं. ती पडद्यावरच्या आकड्याला हात जोडून बसली होती.

"बाई, काम थांबवा!" ते मोठ्याने म्हणाले. "चौथा दिवा खोटा आहे."

"खोटा म्हणजे?"

"तो पंख्यावर लागत नाही. मी त्याला तिसऱ्याची वीज दिली आहे. बुधवारी तो लागला नाही, तेव्हा पंखा तपासायला हवा होता. मी नुसता दिवा लावला. यंत्राची काही चूक नाही. चूक माझी आहे."

बाईंचा चेहरा उतरला. मागून एक मुलगा पुटपुटला, "आणि आपण हार घातला!" गुणाजींनी ते ऐकलं. मान खाली घालून त्यांनी ती तार तोडली. चौथा दिवा विझला.

बाईंनी संगणक बंद केला. झालेली चित्रं साठवलेली होती, ती जाणार नव्हती. पेटीचं झाकण उघडलं. मुलं एकमेकांवर रेलून आत डोकावली.

चौथ्या पंख्याच्या पात्यावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं! पातं पार चिकटून बसलं होतं.

"हिनेही दार लिंपून घेतलंय!" चैत्राली ओरडली, आणि रडता रडता हसली.

घर रिकामं होतं. गुणाजींनी ते हलक्या हाताने खरवडून काढलं, पातं पुसलं, बोटाने फिरवून पाहिलं. झाकण लावलं.

"आता कोणी मोजू नका," ते म्हणाले. "आधी वारा बघू."

बाईंनी बटण दाबलं. गुणाजींनी पेटीच्या मागे हात धरला. वारा! चारही ठिकाणी वारा! आणि पुढे चौथा दिवा कोणाच्याही मदतीशिवाय हिरवागार लागला. मुलांनी असा जल्लोष केला की शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले. तासाभरात आकडा पुन्हा पळू लागला.

शनिवारी दहा वाजले तरी बारा चित्रं बाकी होती. बाहेर माणसं जमत होती. सगळा वर्ग श्वास रोखून बसला होता. पाच उरली. दोन. एक. दहा वाजून चाळीस मिनिटांनी नऊशेवं चित्र जोडलं गेलं!

अकरा वाजता सभागृहाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. अंधारात धनेश उडाला, फळं घेऊन आला, ढोलीतून पिल्लाने चोच बाहेर काढली, आणि सगळं गाव टाळ्या वाजवत उभं राहिलं.

गुणाजी मात्र दाराशीच उभे होते. कांचनताई गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे आल्या.

"मेस्त्री, गावाच्या पाण्याच्या पंपावरचे दिवेही बदलायचे आहेत. सोमवारी या."

गुणाजी चपापले. "ताई, माझी चूक तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलीत. तरी मलाच सांगता?"

"ऐकली, म्हणूनच तुम्हाला सांगते," ताई म्हणाल्या. "पंप चालतो की नाही हे त्या दिव्यांवरूनच कळतं, आणि त्यावर सगळ्या गावाचं पाणी अवलंबून आहे. तिथे मला खरं बोलणारा माणूस हवा."

तात्पर्य: न लागणारा दिवाही आपल्याला काही सांगत असतो. सगळं ठीक दिसावं म्हणून तो बळेच लावू नये. आणि आपल्या हातून तसं झालंच, तर वेळ आहे तोवर आपणच पुढे होऊन सांगावं.