पाटलांची नजर

“...अन् खोटं बोलनारा मानूस ओळखाले मले किती वेळ लागते, सांगू का बुवा?”

सुकाबुवा उकडलेले शिंगाडे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सांग.”

“त्यानं तोंड उघडाच्या आधी ओळखतो मी.”

“अरे वा,” बुवा म्हणाले आणि सोललेला शिंगाडा तोंडात टाकला.

बोलणारे होते उदाराम पाटील. गावच्या तलावाचे मुख्य पंच आणि बुवांचे जुने शिष्य. गुरूकडे येताना माणूस थोडा वाकून येतो. पाटील ताठ येत, पाया पडत आणि पुन्हा ताठ होत. त्यांना आपल्या नजरेचा फार अभिमान. सोयरीक जुळवायची असली की लोक पोरगा दाखवायला त्यांनाच घेऊन जात. बैल घेताना त्यांना विचारत, निवडणुकीत कोणाला उभं करायचं तेही विचारत. त्यांच्या चुका झाल्या नव्हत्या असं नाही, पण त्या बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती.

गोष्ट झाडीपट्टीतली आहे. इथलं धान तलावाच्या पाण्यावर पिकतं आणि तलाव सगळ्या गावाचा असतो. पावसानं दगा दिला की पंच बारी लावून देतात. सगळ्यात दूरच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी आधी, तलावाला लागून असलेल्या बांधीला शेवटी. जवळच्यानं हात जोडून वाट पाहायची, असा इथला कायदा.

त्या वर्षी आश्विन लागला तरी आभाळ कोरडं होतं. धान निसवायला आलेलं, म्हणजे लोंबी बाहेर पडायची वेळ, आणि तलाव निम्म्याच्याही खाली गेलेला. अशात परवा रात्री कोणीतरी तलावाचं दार उघडलं. पाळीखालच्या, म्हणजे तलावाच्या बांधालगतच्या, ओळीतल्या सगळ्या बांध्या भरल्या आणि उरलेलं पाणी नाल्याला वाहून गेलं. सकाळी बायका पाण्याला आल्या तेव्हा काठावरचा गाळ उघडा पडला होता.

संशय आला उरकुडावर. त्याची एकुलती एक बांधी त्याच ओळीत होती. घरी बायको आणि दोन मुली. गुन्ह्याची शिक्षा ठरलेली होती, कापणीपर्यंत पाणी बंद. या दिवसांत पाणी तोडलं की लोंबीत दाणा भरत नाही, नुसता फोल उरतो. उरकुडाला पोरीबाळी घेऊन गाव सोडावं लागलं असतं.

फक्त एक अडचण होती. कोणाचंही पाणी तोडण्याआधी पाळीवर झोपडी असलेल्या सुकाबुवांचा होकार घ्यायचा, अशी या गावाची रीत होती. पाटील तो होकार घ्यायला आले होते.

“दिवेलागनीले बैठक हाय जी,” पाटील म्हणाले. “तुमी एक शब्द द्या, म्हंजे मी मोकळा.”

“उरकुडाले इचारलं काय?”

“इचारलं ना! वट्यासमोर उभा केला. म्हनलं, पानी तू सोडलं काय? तं त्याची मान खाली.”

“मंग?”

“मंग काय जी? मान खाली गेली, निकाल लागला.”

“तोंडानं काही बोलला का नाई?”

“म्हनला, नाई जी. पन जमिनीले सांगतलं त्यानं, मले नाई सांगतलं.”

हे वाक्य पाटलांना स्वतःलाच फार आवडलेलं दिसलं. बुवांच्या आधी ते आणखी दोन-तीन ठिकाणी बोलून झालं असणार.

बुवांनी सुरी बाजूला ठेवली. धोतराला हात पुसले. झोपडीपुढच्या मातीच्या ओट्यावर दोघं शेजारी बसले होते. बुवा थोडे सरकून मधोमध बसले.

“उतर खाली.”

“काऊन जी?”

“उतर तं खरं.”

पाटील उतरले.

“चपला काढ. दुपट्टा घे हातात.”

पंचांसमोर असंच उभं राहायचं असतं. चपला बाजूला, खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात. गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी तसा उभा राहिलेला. पाटील मात्र ऐन तरुणपणी पंच झाले ते थेट पंचांच्या ओट्यावरच चढले, खाली उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. त्यांना वाटलं, बुवांना गंमत करायची लहर आली असेल. ते हसत हसत उभे राहिले. जमीन दुपारच्या उन्हानं तापलेली होती. पाय भाजत होते.

बुवा त्यांना न्याहाळत राहिले.

पाटलांचं हसू हळूहळू ओसरलं.

...

“उदाराम,” बुवांचा आवाज एकदम कोरडा झाला, “पानी तू सोडलं काय?”

“नाई जी.”

...

“कोनाले सांगतलं?”

पाटील दचकले. त्यांच्या पायाच्या अंगठ्याजवळून एक मुंगी चालली होती आणि ते केव्हापासून तिच्याकडेच पाहत होते.

त्यांनी झटकन मान वर केली.

“हे... हे असंच झालं जी! वट्यासमोर मान खालीच जाते. माह्या बापानं मले लहानपनी शिकोलं, पंचाइसमोर कोनी मान वर करून उभं...”

वाक्य तिथंच थांबलं.

बुवा वाट पाहत राहिले.

“उरकुडाच्या बापानं त्याले काही येगळं शिकोलं असन काय?” बुवांनी विचारलं.

पाटील असे सहजासहजी हार मानणारे नव्हते. त्यांनी दुपट्टा पुन्हा खांद्यावर टाकला.

“माही गोष्ट येगळी हाय बुवा. मी तुमचा मान ठेवला. थो भेला होता. अन् भेते कोन? ज्यानं केलं थो.”

“तुले कोन कोन भेते?”

“मले? समदं गाव भेते!”

हे पाटील छाती पुढं काढून बोलले. बुवांनी मान डोलावली, जणू फार चांगली बातमी ऐकली.

“घरी बायको मान वर करून बोलते काय तुह्याशी?”

“कायले बोलन जी? घरात मर्यादा हाय.”

“सून?”

“सुनेचं तं नावच काढू नका.”

“लेक?”

“त्याले धाक हाय माहा.”

“म्हंजे घरात समदेच चोर,” बुवा म्हणाले.

एरवी पाटील अशा बोलण्यावर खो खो हसले असते. आज त्यांना हसू आलं नाही. त्यांनी तलावाकडे पाहिलं. उघड्या पडलेल्या गाळात दोन बगळे उभे होते.

“एकही मानूस नाई, जो तुह्या डोळ्यात पायते?”

“हाय ना!” पाटलांचा चेहरा उजळला. “माहा हेमराज हाय.”

हेमराज त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. पाटलांनी त्याला खांद्यावर घेऊन वाढवला, रोवणीच्या चिखलातही खाली उतरवला नाही. गावात पाटलांच्या जिभेला सगळे टरकत, पण हेमराजवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. पाटलांचा जीव त्याच्यात होता.

“डोळ्याले डोळा देऊन बोलते पठ्ठ्या,” पाटील म्हणाले. “म्हनून तं माहा त्याच्यावर इस्वास. त्याचा शब्द म्हंजे माहा शब्द.”

“चांगलं हाय. या पान्याचं काय म्हनते थो?”

“त्यानंच तं सांगतलं मले, उरकुडा रातच्याले...”

पाटील पुन्हा थांबले.

...

“पाळीखालच्या ओळीत कोनाकोनाच्या बांध्या हायेत?” बुवांनी सहज विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं.

“उरकुडाची,” पाटील म्हणाले. “दयारामची. अन्... आमची.”

“भिजली का तुमची?”

“भिजली जी. उतार हाय ना तिकडं.”

“हाव, उतार तं हाय.”

पाटलांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी तो पुसला नाही.

“तुमाले म्हनाचं काय हाय बुवा? सरळ सांगा ना! हेमराजनं सोडलं पानी?” त्यांचा आवाज कापत होता. रागानं की भीतीनं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

“मी कुठं म्हनलं?”

“मंग उरकुडानं?”

“तेही नाई म्हनलं.”

“मंग कोनं सोडलं?”

“मले काय ठाऊक? मी झोपलो होतो.”

पाटील मटकन खाली बसले, ओट्याखाली, तापलेल्या मातीवरच. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर किती माणसं येऊन उभी राहिली होती. ती आता आठवावीत म्हटलं तर एकाचंही तोंड डोळ्यांपुढं येईना. दिसत होते ते नुसते माथे. कोणाचं टक्कल, कोणाची शेंडी, कोणाच्या केसांतला भुसा. त्यांपैकी दोघा-तिघांचं पाणी तोडलं होतं. एक जण तर गाव सोडून गेला तो परत आलाच नाही.

“बुवा,” ते म्हणाले, “मले आता काहीच कळत नाई.”

“बरं झालं.”

“बरं झालं? घटकाभरानं मले न्यायाले बसाचं हाय!”

“मंग बस ना. सकाळी आला असता तं मी नको म्हनलं असतं.”

पाटील बुवांकडे पाहत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं, जसा माणूस झोपेतून उठल्यावर चोळतो, आणि मोठा श्वास घेतला. त्यांच्या मनात काहीतरी ठरलं. काय ठरलं, ते बुवांनी विचारलं नाही.

तेवढ्यात पाळीवरून हेमराज येताना दिसला. लांब ढांगा टाकत, दुपट्टा वाऱ्यावर सोडून. अंगापिंडानं थोरल्या भावासारखाच.

“दादा! चाला ना! मानसं जमली. उरकुडाही येऊन उभा हाय.” त्यानं थेट पाटलांच्या डोळ्यांत पाहिलं. “झालं ना बुवाचं हो म्हनून?”

पाटलांनी त्या डोळ्यांत पाहिलं. लहानपणापासून ओळखीचे डोळे. तापात रात्रभर जागून पाहिलेले. त्यांत काय आहे ते वाचायचा त्यांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

“हेमराज,” ते उठत म्हणाले, “पुढं जाऊन सांग सगळ्याइले. उरकुडाचं पानी तुटनार नाई. त्याची बारी आली का त्याच्या बांधीले पानी जाईन.”

“अन् चोर?”

“सापडत नाई तोवर कोनाचंच पानी तुटनार नाई. अन् वट्यावर आज कोनी बसनार नाई. मी खाली बसीन, समद्याइच्या मधात. ज्याले जे सांगाचं हाय, थो बसून सांगन. उरकुडाही बसन.”

“पन दादा, सकाळी तं तुमीच म्हनलं...”

“सकाळी ते म्हनलं. आता हे म्हनतो.”

आवाज चढलेला नव्हता, पण त्यात माघार नव्हती. असा आवाज हेमराजनं भावाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आजवर पाटील ओरडून हुकूम देत. या वेळी त्यांनी नुसतं सांगितलं.

हेमराज क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं दुपट्ट्याचं टोक हातात धरलं, ते पिळलं, आणि त्याची मान हळूहळू खाली गेली.

पाटलांच्या काळजात कळ उठली. पुढच्याच क्षणी ते गर्रकन बुवांकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं, आणि सांगताना लाज वाटते, पण त्या पाण्यात जुनी चमकही होती.

“पायलं बुवा? पायलं ना तुमी? जलमात कधी माह्यापुढं त्याची मान खाली गेली नाई, आज गेली! पायलं ना?”

बुवा ओट्यावर शांत बसले होते.

“नाई,” ते म्हणाले. “मी तुह्याकडं पायत होतो.”