नाव-गाव न विचारलेली वेल

एक होता राजा. राजा म्हणते खरी, पण त्याचं राज्य केवढं, तर एक बाग. बाकीचं सगळं पोरांनी वाटून घेतलं आणि पोरं गेली आपापल्या गावी. प्रधान गेला, सैन्य गेलं, राणी देवाघरी गेली. उरला राजा, एक विहीर आणि राणीनं आपल्या हातानं लावलेलं जांभळाचं झाड. रोज संध्याकाळी राजा त्या झाडाखाली बसायचा आणि दिवसभराचं सगळं झाडाला सांगायचा. सांगण्यासारखं काही नसायचंच, तरी सांगायचा. चिमे, पाय आत घे, गार पडलेत.

मग एका सकाळी कुंपणापाशी एक वेल उगवली. नाजूक, हिरवीगार, टोकाला गुलाबी फूल. राजाला बघून म्हणाली, "राजाबाबा, मला आसरा द्या ना!"

आता आपल्या दारात कुणी नवं आलं की आपण काय विचारतो? नाव काय, गाव कोणतं, कुणाची तू? राजाच्याही ओठांवर आलं होतं. पण त्याला वाटलं, विचारलं आणि रागावून निघून गेली तर? इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला हाक मारली! म्हणून विचारलंच नाही, बरं का. नुसतं म्हणाला, "राहा बाळ. हवं ते माग."

मग वेलीनं कुंपण मागितलं. राजानं दिलं. बघता बघता कुंपण दिसेनासं झालं. मग तिनं विहिरीचा रहाट मागितला. राजानं तोही दिला आणि स्वतः ओणवा होऊन पाणी शेंदायला लागला. कंबर धरली बिचाऱ्याची! पण वेल दिवसभर बोलायची, नवी नवी फुलं दाखवायची. म्हातारा खूश. मग एक दिवस ती म्हणाली, "राजाबाबा, मला जांभळावर चढू द्या."

राजाला नाही म्हणता आलं नाही. वेल सरसर चढली, पार शेंड्यापर्यंत गेली. झाडाला ऊन मिळेना. पानं पिवळी पडून गळायला लागली. राणीचं झाड डोळ्यांदेखत मरायला लागलं.

एकदा तो गळलेली पानं गोळा करत होता. एका पानाला अळीनं भोक पाडलेलं, एकाची कड कुरतडलेली. लिंबाचं पान तसंच, कर्दळीचं तसंच. बागेत प्रत्येकाला कुणी ना कुणी खात होतं. मग त्यानं वेलीकडे पाहिलं. एवढी थोरली वेल, पण एकाही पानाला भोक नाही! तेव्हा कुठं म्हाताऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. हिला इथलं कुणीच ओळखत नाही. ही इथली नव्हेच.

त्यानं कोयता उचलला. पण हात चालेना. मग पहिल्या दिवशी विचारायचं ते त्यानं आता विचारलं, "बाळ, तुझं गाव कोणतं गं?"

वेल रडायलाच लागली. "मला आठवत नाही, राजाबाबा. फूल छान दिसतं म्हणून कुणीतरी गलबतात घालून आणलं आणि मग दिलं टाकून. उंच चढलं की माझं गाव दिसेल असं वाटतं, म्हणून चढते. पण दिसतच नाही!"

राजानं कोयता बाजूला ठेवला आणि तिच्याजवळ बसला. एका बागेत दोघं राहत होती आणि दोघंही एकटीच होती, बघा.

मग राजानं तिला कापून लहान केली, मुळासकट उकरली आणि मडक्यात लावली. राज्याला कुलूप घातलं. हसू नका, एवढंसं राज्य, एक कुलूप पुरतं त्याला! आणि गेला बंदरावर. तिथं गलबत चालवणारा एक तांडेल होता. त्याच्याबरोबर राजा निघाला, मडकं मांडीवर घेऊन.

पहिलं बेट आलं. तिथं वेलीला कुणी ओळखेना. मग दुसरं आलं. तिथले किडे नुसते पानावर बसले आणि उडून गेले. वेल बोलायचीच थांबली. मग आला तिसरा किनारा, दाट रानाचा. राजानं मडकं खाली ठेवलं मात्र, कुठूनशी एक एवढीशी पट्टेरी अळी आली. मडक्यावर चढली आणि लागली की कुरुम कुरुम पान खायला!

"राजाबाबा!" वेल ओरडली. "मला खाल्लं! अहो, मला खाल्लं!" आणि अशी हसत सुटली म्हणता!

राजाही हसला. मग त्यानं तिथंच खड्डा खणला, तिला लावली, पाणी घातलं.

"तुम्ही एकटे पडाल," वेल म्हणाली.

"पडेन," राजा म्हणाला.

मग तो घरी आला. जांभळाची एक फांदी वाळली ती वाळलीच, पण बाकीच्या फांद्यांना तांबूस पालवी फुटली. राजा पुन्हा झाडाखाली बसायला लागला. बाग फार शांत वाटायची. कधी कधी म्हातारा रडायचासुद्धा. रडेल नाही तर काय करेल?

पण दरवर्षी पावसाळा सरला की तो तांडेल वाट वाकडी करून बागेत यायचा. राजा त्याला लिंबाचं सरबत द्यायचा आणि घाईघाईनं विचारायचा, "भेटली का?"

"भेटली की! पण राजेसाहेब, फार काही वाढली नाही हो. निम्मी पानं खाल्लेली असतात तिची. रोज कुणी ना कुणी येऊन कुरतडतंय."

"असू दे, असू दे," राजा म्हणायचा आणि डोळे पुसायचा. "नांदतेय माझी लेक."

तर ती तिकडं सुखात आणि राजा इकडं सुखात. आता कुणी काही विचारायचं नाही. मिटा बघू डोळे.